बंद होणारं दार: डिस्नेलँड पॅरिसजवळ लहान मुलासाठी वेगळी बेडरूम शोधताना

ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वातीन वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही डिस्नेलँड पॅरिसला जाऊन आलो. व्हिसा, विमान, तिकिटं यांवर मराठीत बरंच वाचायला मिळालं. मूल रात्री आठला झोपणार आणि मोठी माणसं पुढे तीन तास जागी राहणार, अशा घराने खोली कशी निवडायची, हे मात्र कोल्हापुरात बसून स्वतःच शोधावं लागलं. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने त्यात गेले. पुढच्यांची धावपळ वाचावी म्हणून तारखा, खर्च आणि अडचणी क्रमाने लिहिते.

घरात पहिला प्रश्न सासूबाईंचा आला. “एवढ्याशा पोराला येगळी खोली कशाला गं? कुशीत घेऊन झोपायचं.” प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे तीन वर्षांचं मूल एकटं झोपत नाही आणि तसं शिकवायचा आमचाही विचार नव्हता. वेगळी बेडरूम हवी होती ती उजेड आणि आवाज अडवायला. हॉटेलच्या एका खोलीत मूल झोपलं की दिवा बंद, बोलणं बंद, उद्याची पिशवी भरणंही बंद. त्यात ऑक्टोबरात पॅरिसचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. इथे साडेआठला झोपणाऱ्या मुलाला तिथे संध्याकाळी पाचलाच पेंग येते आणि इथे साडेसहाला उठणारं मूल तिथे पहाटे तीनला टक्क जागं होतं. झोप न झालेलं मूल पार्कात रांगेत उभं राहत नाही. त्याची झोप सांभाळणं म्हणजे सहलीचा अर्धा भाग सांभाळणं, हे डोक्यात पक्कं होतं म्हणून खोलीवर इतका वेळ घालवला.

खोलीआधी तारखा ठरवल्या, कारण भाडं तारखांवर अवलंबून असतं. आपली दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण २०२५ मध्ये फ्रान्समधल्या शाळांची शरद ऋतूतली सुट्टी १८ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर होती, म्हणजे नेमकी दिवाळीतच. त्या दिवसांत तिथलीच कुटुंबं पार्कात लोटतात आणि दोन खोल्यांची घरं सर्वांत आधी संपतात. दसरा २ ऑक्टोबरला होता. दसरा चौकातलं सोनं लुटून झालं की ३ तारखेच्या रात्री निघायचं, ५ ते १० ऑक्टोबर मुक्काम, असं ठरलं. शाळा अजून सक्तीची नाही अशा वयाचं मूल असेल तर सुट्ट्या टाळून जा. खोलीच्या भाड्यात सगळ्यांत मोठी बचत त्यातच आहे.

एप्रिलमध्ये मुलाचा पासपोर्ट काढला. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि भेटीची वेळ कोल्हापुरातच, पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची घ्यायची. शुल्क १,००० रुपये, आठ वर्षांच्या आतल्या मुलाला १० टक्के सूट, म्हणून ९०० रुपये भरले. जन्मदाखला, आईवडिलांचे चालू पासपोर्ट आणि दोघांच्या सह्यांचं ‘परिशिष्ट ड’ हे संमतिपत्र लागतं. चार वर्षांच्या आतल्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच न्यावा लागतो. ८ एप्रिलला अर्ज, १७ ला भेट, २६ ला पासपोर्ट हातात. लहान मुलाच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांची असते. मुलाच्या नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्यावर जसं आहे तसंच विमानाच्या आणि खोलीच्या बुकिंगमध्ये टाका. पुढे व्हिसाच्या वेळी सगळे कागद शेजारी ठेवून बघतात.

मे महिना शब्द समजून घेण्यात गेला. ‘फॅमिली रूम’ म्हणजे वेगळी बेडरूम नव्हे. बहुतेक ठिकाणी ती एकच मोठी खोली असते, पलंग जास्त असतात इतकंच. ‘ज्युनिअर स्वीट’मध्ये झोपायची आणि बसायची जागा एकाच खोलीत असते, मध्ये भिंत नसते. नुसतं ‘स्वीट’ लिहिलं असेल तर भिंत असायची शक्यता बरी, पण दार आहे की मोकळी कमान, हे विचारावंच लागतं. ‘कनेक्टिंग रूम’ म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये आतून उघडणारं दार. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारच्या खोल्या, ज्यात जायला बाहेरच्या व्हरांड्यातूनच वाट असते. तीन वर्षांच्या मुलाला दुसरा प्रकार काही उपयोगाचा नाही. शिवाय आतून जोडलेल्या खोल्या बहुतेक हॉटेलं ‘विनंतीनुसार’ देतात, म्हणजे पैसे दोन खोल्यांचे भरायचे आणि मधलं दार मिळेल याची खात्री नाही.

फ्रान्समध्ये घरं मोजायची पद्धतही वेगळी आहे. आपण टू बीएचके म्हणतो तेव्हा बेडरूम मोजतो. तिथे ‘टी २’ किंवा ‘द्यो पिएस’ म्हणजे दोन मुख्य खोल्या, एक बसायची आणि एक झोपायची. स्वयंपाकघर आणि बाथरूम त्यात धरत नाहीत. म्हणजे त्यांचं टी २ हे आपलं वन बीएचके. टी १ आणि स्टुडिओ दोन्ही एकाच खोलीचे. यात सर्वांत फसवा शब्द ‘क्वँ न्वी’, म्हणजे झोपायचा कोपरा. स्टुडिओच्या प्रवेशाजवळ बंक बेड लावून पुढे पडदा किंवा सरकती फळी टाकलेली असते, खिडकीही बहुधा नसते. इंग्रजीत भाषांतर होताना त्याची कधी ‘स्लीपिंग एरिया’, तर कधी चक्क ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ होते. ‘कनापे ली’ म्हणजे आपला सोफा-कम-बेड. ‘शाँब्र सेपारे’ म्हणजे वेगळी बेडरूम. फ्रेंच लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांत हे शेवटचे दोन शब्द शोधले की जाहिरातीतून न कळलेलं बरंच काही कळतं.

क्षेत्रफळ बघायची सवय लावून घ्या, ते खोटं बोलत नाही. स्टुडिओ साधारण २० ते २८ चौरस मीटरचे दिसतात, खरी बेडरूम असलेली घरं ३५ च्या पुढे. ३० च्या आत ‘एक बेडरूम, चार माणसं’ लिहिलेलं दिसलं की तो कोपराच असणार, असं धरून मी पुढे विचारणा करत होते. फोटोंत पलंग आणि गादी बघू नका, दाराची चौकट आणि कडी शोधा. पलंगाच्या फोटोत टीव्हीसमोरचा सोफाही दिसत असेल तर मध्ये भिंत नाही.

बंक बेडबद्दल एक गोष्ट. फ्रान्समधल्या नियमानुसार वरचा पलंग सहा वर्षांखालच्या मुलासाठी योग्य नाही, तशी सूचना पलंगावरच असते. आणि बाळाची घडीची खाट, तिला ‘ली पाराप्लुई’ म्हणतात, ती साधारण १५ किलो वजनापर्यंतच चालते. आमचा मुलगा १४ किलोचा, पण उंचीने खाटेत मावत नव्हता. म्हणजे खाट लहान आणि वरचा पलंग धोक्याचा, या अधल्यामधल्या वयासाठी खालचा साधा पलंग हवाच.

एकाच मुलाचं वय दर खिडकीवर वेगळं मोजलं जातं, हेही तेव्हाच वहीत लिहून काढलं. विमानात दोन पूर्ण झाली की स्वतःची सीट. डिस्नेलँडमध्ये तीनच्या आत तिकीट नाही, ३ ते ११ मुलांचं, १२ पासून मोठ्यांचं. पॅरिसच्या लोकल गाड्यांत चारच्या आत फुकट. व्हिसाचं शुल्क सहाच्या आत माफ. बोटांचे ठसे बारापासून. खोलीवरचा पर्यटन कर अठरापासून. खोली शोधताना संकेतस्थळावर मुलाचं आजचं वय टाकू नका, प्रवासाच्या दिवशीचं टाका. मे महिन्यात आमचा मुलगा तीनचा व्हायचा होता. वय २ टाकलं की काही ठिकाणी तो माणसांत धरला जात नव्हता आणि दोघांपुरत्या खोल्या दिसत होत्या. ३ टाकल्यावर त्या यादीतून गेल्या.

मग पर्याय. डिस्नेची स्वतःची सात हॉटेलं आहेत. त्यांतली डिस्नेलँड हॉटेल, हॉटेल न्यूयॉर्क, न्यूपोर्ट बे क्लब, सिकोया लॉज, शायेन आणि सांता फे ही सहा पार्कापासून चालत जाण्यासारखी आहेत. शायेनच्या साध्या खोलीत एक डबल बेड आणि एक बंक बेड, सांता फेमध्ये दोन डबल बेड, पण सगळं एकाच खोलीत. वेगळी बेडरूम हवी तर महागड्या हॉटेलांतले स्वीट बघावे लागतात आणि तो आकडा आमच्या आवाक्याबाहेरचा होता. या हॉटेलांचा एक फायदा मात्र मोठा आहे. तिथे उतरलेल्यांना पार्कात एक तास आधी सोडतात. पहाटे उठणाऱ्या लहान मुलासाठी तो तास फार मोलाचा, कारण गर्दी नसते आणि मूल ताजं असतं. दार आणि स्वयंपाकघर यांसाठी आम्ही तो तास सोडला. आठ-नऊ वर्षांची मुलं असती तर मी उलट केलं असतं.

सातवं ठिकाण डेव्ही क्रॉकेट रँच. झाडीत लाकडी बंगल्या, आत वेगळी बेडरूम, बसायची खोली आणि छोटं स्वयंपाकघर. लहान मुलाच्या दृष्टीने डिस्नेच्या सातांत हेच सर्वांत सोयीचं. अडचण अशी की ते पार्कापासून गाडीने साधारण १५ मिनिटांवर आहे आणि बाकी हॉटेलांना असते तशी पार्काची बस तिथे नाही, स्वतःची गाडी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओत १,००० रुपयांत, ४-अ अर्जावर मिळतो. पण तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, रात्रभराच्या विमानप्रवासानंतर चालवायचं, आणि दहा वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट सक्तीची, तिचं भाडं वेगळं. उजव्या बाजूने गाडी चालवायचा सराव असेल तर हेच निवडा. आम्हाला नव्हता.

पार्काच्या दक्षिणेला व्हिलाजेस नेचर पॅरिस हे २०१७ मध्ये सुरू झालेलं तळ्याकाठचं संकुल आहे. तिथली कॉटेज आणि अपार्टमेंट वेगळ्या बेडरूमची, आवारात पाण्याचं पार्कही आहे. पाच रात्रींत दोनच दिवस डिस्नेलँड करणार असाल तर बाकीचे दिवस तिथेच जातात. दुपारी मुलाला झोपवायला परतायचं म्हटलं तर मात्र बसच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

शेवटचा पर्याय व्हाल द्यूरोप भागातली अपार्टमेंट-हॉटेलं. हे उपनगर पॅरिसहून येणाऱ्या आरईआर ‘अ’ या उपनगरी गाडीवर डिस्नेलँडच्या आधीचं एकच स्टेशन. डिस्नेलँडचं स्टेशन मार्न-ला-व्हाले शेसी, पार्काच्या दारातच. मधला प्रवास दोन-तीन मिनिटांचा. २०२५ मध्ये मोठ्यांचं तिकीट अडीच युरो, मुलाला लागलं नाही. स्टेशनाजवळच मोठा मॉल आणि त्यात किराणा. इथेच शोधायचं ठरलं.

जूनमध्ये चार ठिकाणांना इंग्रजीत ईमेल पाठवले. पाचच प्रश्न ठेवले, कारण लांबलचक पत्राला ठरावीक साच्यातलं उत्तर येतं. बेडरूम आणि बसायची खोली यांच्यात बंद होणारं दार आहे का, पडदा किंवा सरकती फळी नव्हे. बेडरूमला खिडकी आहे का आणि ती अंधार करणाऱ्या पडद्याने झाकते का. बाथरूमला जायला बेडरूममधून जावं लागतं का. बेडरूममध्ये एक डबल बेड आहे की दोन सिंगल. शेगडी इंडक्शनची की साधी विजेची. यातला तिसरा प्रश्न कुणाला सुचत नाही आणि तोच महत्त्वाचा. बाथरूमची वाट मुलाच्या उशाशी असेल तर वेगळी खोली घेऊन उपयोग काय? चारपैकी एका ठिकाणी नेमकं तसंच निघालं. एकाने दार नसल्याचं प्रामाणिकपणे कळवलं, एकाचं उत्तर आलंच नाही. उरलेल्या एकाचं चौथ्या दिवशी आलं: दार आहे, खिडकी आहे, बाथरूम प्रवेशाजवळ, दोन सिंगल पलंग, क्षेत्रफळ ३७ चौरस मीटर.

१४ जूनला तिथे बुकिंग केलं. पाच रात्रींचे ७४२ युरो, दोन दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल असा दर. रद्द न होणारा दर सुमारे १०० युरोंनी कमी होता. तरी व्हिसा हातात नसताना तो घेऊ नये. युरो तेव्हा १०० रुपयांच्या आसपास होता, त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. पर्यटन कर या रकमेत धरलेला नसतो, तिथे पोचल्यावर मोठ्या माणसांमागे दर रात्रीचा घेतात. २०२४ पासून पॅरिस आणि परिसरात तो बराच वाढला आहे, तेव्हा दोन दर ताडून बघताना तोही मिळवा. दाराबद्दलचं उत्तर छापून कागदांत ठेवलं. त्याचा उपयोग पुढे येतो.

व्हिसासाठी मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा लागतो आणि तिघांचीही नावं त्यावर असावी लागतात. बुकिंगच्या पावतीवर नुसतं माझं नाव आणि ‘२ मोठे, १ मूल’ एवढंच होतं. ईमेल करून तिघांची नावं असलेली पावती मागवली, ती दोन दिवसांत आली. अर्ज फ्रान्सच्या व्हिसा संकेतस्थळावर भरून पुण्याच्या केंद्रातली वेळ घेतली. ३० जूनला शोधलं तेव्हा २२ जुलैची मिळाली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा जुलैत गेलो म्हणजे फार लवकर गेलो असं नाही. मोठ्यांचं शुल्क प्रत्येकी ९० युरो, मुलाचं शून्य, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, रजेचं पत्र, मुलाचा जन्मदाखला आणि दोघांची संमती. पहाटे कोल्हापूरहून निघून दुपारी दोनची वेळ गाठली, काम दीड तासात झालं. मुलाचे ठसे घेत नाहीत. पासपोर्ट ६ ऑगस्टला कुरिअरने घरी आले. ते पंधरा दिवस जिवाला घोर होता हे खरं. ईमेलवर रोज काही कळत नाही, त्यामुळे रोज उघडून बघूही नका.

सप्टेंबरभर सराव केला. मुलाला आतल्या खोलीत झोपवायचं, झोप लागली की दार लोटून बाहेर यायचं. सुरुवातीचे चार दिवस तो अर्ध्या तासात उठून आला, पुढे सवय झाली. नव्या जागी आधाराला त्याची गोधडी आणि उशीचा अभ्रा घेतला. न धुतलेला घ्या, घरचा वास लागतो. जुना मोबाइल बाळावर लक्ष ठेवायच्या अ‍ॅपसाठी तयार केला. घरच्या वायफायवर तो चालतो तसा हॉटेलच्या वायफायवर चालेलच असं नाही, कारण कितीतरी हॉटेलांत एक उपकरण दुसऱ्याला दिसू देत नाहीत. मोबाइल डेटावर चालणारं अ‍ॅप निवडा. फ्रान्सच्या सॉकेटमध्ये आपली तीन पिनची प्लग बसत नाही, दोन अ‍ॅडाप्टर न्या. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून ठेवा आणि ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू असू द्या.

खाण्याचं सामान भरताना एक नियम माहीत हवा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, चीज सगळं त्यात आलं. बाळासाठीची बंद डब्यातली दूध पावडर २ किलोपर्यंत चालते. ताजा कढीपत्ताही नेऊ नका. आम्ही तांदूळ, मूगडाळ, भाजलेला रवा, मेतकूट आणि थोडा कांदा-लसूण मसाला नेला. तुपाच्या जागी तिथलं लोणी वापरलं.

३ ऑक्टोबरला महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, ४ च्या रात्री विमान, ५ ला, रविवारी सकाळी पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर. तिथून थेट शेसीला जाणारी टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान रेल्वे, दहा मिनिटांत पोचवते. पॅरिसमधून गाड्या बदलत जाण्यापेक्षा मूल आणि बॅगा असताना हेच बरं, फक्त जागा आधी राखून ठेवा. अपार्टमेंटचा ताबा दुपारी चारला मिळणार होता. बॅगा ठेवून घेतल्या आणि आम्ही मॉल गाठला. रविवारी बरीच दुकानं लवकर मिटतात, म्हणून दूध, लोणी, केळी, अंडी आधी घेतली. दुधाच्या बाटलीचं लाल झाकण म्हणजे पूर्ण साईचं, निळं अर्ध्या साईचं, हिरवं साय काढलेलं. मुलाला लाल झाकणाचंच आवडलं.

चारला किल्ली मिळाली, दार उघडलं आणि आत पलंगाच्या कोपऱ्यावर पडदा. दार नव्हतं. सव्वीस तास प्रवास झालेला, मुलगा खांद्यावर झोपलेला, आणि मला रडूच यायचं राहिलं होतं. बॅगा उघडल्या नाहीत, मुलाला सोफ्यावर टाकून हे त्याच्याजवळ थांबले आणि मी छापील ईमेल घेऊन खाली गेले. स्वागतकक्षातल्या मुलीने बघितलं तेव्हा कळलं की त्यांच्या यादीत दोन प्रकारच्या खोल्या एकाच नावाखाली होत्या. ईमेलमध्ये ‘बंद होणारं दार’ असं लेखी असल्यामुळे वाद झाला नाही. सव्वा तासाने दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. बुकिंगच्या पावतीवर ‘१ बेडरूम’ एवढंच होतं. तेवढ्या भरवशावर ते घर मिळालं नसतं. खोली बघितल्याशिवाय सामान उघडू नका आणि काही चुकलं तर पहिल्या तासातच सांगा.

नव्या घरात आधी पाच मिनिटं फिरून घेतलं. खिडकी किती उघडते, बेडरूमच्या दाराला आतून कडी आहे का, ओट्याचे कोपरे, गरम पाण्याचा नळ. आतली कडी मुलाच्या हाताला पोचत होती, म्हणून दाराच्या फटीत रुमाल अडकवून ते पूर्ण बंद होऊ दिलं नाही. दोन सिंगल पलंग भिंतीला लावून जोडले, मधली फट गोधडीने बुजवली, उघड्या बाजूला सोफ्याच्या उशा खाली टाकल्या. मुलगा भिंतीकडे, शेजारी रात्री मी. हे बाहेर सोफा-कम-बेडवर. त्याची गादी पातळ होती, कपाटातलं जास्तीचं पांघरूण खाली घातल्यावर पाठीला बरं पडलं.

पहिल्या दिवशी मुलाला साडेसहापर्यंत कसंबसं जागवलं. दार ओढून घेतलं आणि बाहेर दिवा लावून आम्ही जेवलो, बोललो, मंगळवारी पार्कात न्यायची पिशवी भरली. यासाठीच तर सगळं केलं होतं. पण वेगळ्या खोलीचा जास्त उपयोग झाला तो पहाटे. सव्वातीनला मुलगा उठून बसला. त्याला घेऊन एकजण बाहेर आला, दिवा लावला, रंगवायचं पुस्तक काढलं, दूध-केळं दिलं. दुसरा बेडरूममध्ये दार लावून साडेसातपर्यंत झोपला. पुढच्या पहाटे पाळी बदलली. एका खोलीत तिघेही तीनलाच उठले असते. झोपेची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकत गेली आणि चौथ्या रात्री मुलगा आठ ते सहा झोपला.

पार्क सलग केलं नाही. मंगळवार ७ आणि गुरुवार ९, मध्ये बुधवार मोकळा. फ्रान्समध्ये बऱ्याच लहान मुलांना बुधवारी शाळा नसते, त्यामुळे तो वार पार्कासाठी तसाही टाळलेला बरा. दोन्ही दिवशी बारा-साडेबाराला गाडीने परत, खिचडी, दोन तास झोप आणि साडेतीनला पुन्हा पार्कात. तिकिटावर त्याच दिवशी पुन्हा आत जाता येतं. एका स्टेशनाचं अंतर असल्यामुळे हे जमलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, मूल आपोआप पेंगायला लागतं. रात्रीचा कार्यक्रम आम्ही बघितला नाही, त्याची रुखरुख थोडी आहे.

स्वयंपाकाचं. शेगडीचा काचेचा पृष्ठभाग इंडक्शनचा आणि साधा विजेचा, दिसायला सारखाच. आमचा कुकर अ‍ॅल्युमिनियमचा, इंडक्शनवर चालला नसता. ईमेलमध्ये ‘साधी’ असं उत्तर होतं म्हणूनच तो नेला. घरी तळाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर इंडक्शनवर चालेल. फ्रान्समध्ये २०१५ पासून घरोघरी धूर ओळखणारा अलार्म सक्तीचा आहे. कडकडीत तेलात मिरची-मोहरी टाकली तर तो वाजणारच, आणि मूल आत झोपलेलं असेल तर पुढचं सांगायला नको. चिमणी आधी चालू करा, तेल मध्यम तापवा, जिरं-हळदीची साधी फोडणी करा. मसाला वरून घाला.

१० तारखेला दहाच्या आत घर सोडायचं होतं. अपार्टमेंट-हॉटेलात बहुतेक ठिकाणी भांडी घासून, कचरा खाली टाकून जावं लागतं, नाहीतर साफसफाईचे पैसे कापतात. येतानाच कार्डावर २०० युरो अनामत म्हणून अडकवून ठेवले होते. यासाठी क्रेडिट कार्डच द्या, डेबिट कार्डातून खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला वेळ लागतो. निघताना ओटा, फ्रिज, गाद्या आणि जागेवर परत लावलेले पलंग यांचे फोटो काढून ठेवले. किल्ली देताना कुणी वर येऊन बघितलं नाही, बघायला येतील तेव्हा आपण विमानात असतो, म्हणून फोटो हवेत. अनामत मोकळी झाल्याचा संदेश १७ ऑक्टोबरला कोल्हापुरात आला, पूर्ण २०० युरोंचा.